ड्रोन उडवू का, ताई? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ड्रोनबद्दलचे प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. माझी ओळख एवढीच की नोकरीभर विमानतळांच्या टॉवरमध्ये बसून विमानं चढवली-उतरवली, आणि आता इंदूरच्या रामबागेत राहून लोकांचे ड्रोन जमिनीवर ठेवायचं काम फुकट करते.

प्रश्न : ताई, आमचं मंडळ राजवाड्याजवळ आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांबरोबर (चित्ररथांबरोबर) आमचीही झांकी असते. यंदा वरून ड्रोननं शूटिंग करायचं ठरलंय. विमानतळ इथून आठ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे झोनबिनचा प्रश्न येत नसावा. पोलीस ठाण्यात अर्ज दिला की पुरे ना?
– कार्यवाह, गणेशोत्सव मंडळ, इंदूर

उत्तर : आठ किलोमीटर हे रिक्षाचं मोजमाप झालं. ड्रोनसाठी अंतर सरळ रेषेत धरतात, आणि तेही टर्मिनलच्या दारापासून नाही, विमानतळाच्या हद्दीपासून. नकाशावर पट्टी ठेवून बघा : धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक शहराच्या बाजूला येतं आणि राजवाडा पाच किलोमीटरच्या आत पडतो. हा भाग लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उचलता येत नाही, आणि ती परवानगी ठाण्यातले साहेब देऊ शकत नाहीत, टॉवरही देऊ शकत नाही.

२०२१च्या ड्रोन नियमांनी विमानतळाभोवतीचे पट्टे ठरवून दिले. पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. आठ ते बारामध्ये ६० मीटरपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. बाराच्या पलीकडे, इतर काही बंदी नसेल तर, १२० मीटरपर्यंत हिरवा. हिरव्यात परवानगी लागत नाही, पिवळ्यात त्या विमानतळाच्या एटीसीची, म्हणजे टॉवरमधल्या हवाई वाहतूक नियंत्रणाची, लागते. आधी हा पिवळा घेर ४५ किलोमीटरचा होता, म्हणजे देवास-महू सगळं त्यातच. तेव्हाच्या मानानं आता बरंच मोकळं झालंय.

मंडळातली मुलं विचारतील की शंभर मीटरवर उडणाऱ्या ड्रोनचं विमानाला काय होणार आहे. तर गणित सांगते. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे टेकण्याच्या जागेपासून मागे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंच. चार किलोमीटरवर ते २०० मीटरच्या आसपास असतं. पूर्वेकडून येणारी विमानं शहरावरूनच उतरतात. ड्रोन १२० मीटरवर असला तर मध्ये उरतात ऐंशी-नव्वद मीटर, आणि वाऱ्यानं किंवा सिग्नल तुटल्यानं ड्रोन भरकटला तर तेही उरत नाहीत. त्या क्षणी पायलट चाकं खाली, वेग कमी, नजर धावपट्टीवर अशा अवस्थेत असतो. एवढासा ड्रोन त्याला दिसण्याची आशा मी तरी धरणार नाही.

पोलिसांचं काम वेगळं आहे, पण तेही लक्षात ठेवा. मिरवणुकीच्या दिवशी एखादा भाग हिरवा असला तरी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी तो एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, जाणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं. शिवाय जिल्हा प्रशासन सणासुदीला मनाईहुकूम काढतं, त्यात ड्रोनचा उल्लेख आहे का ते त्या आठवड्यातच वाचा, मागच्या वर्षीचा कागद दाखवू नका.

माझं मत विचाराल तर ड्रोनचा नाद सोडा. जेल रोडवर तिसऱ्या मजल्याची गॅलरी असणारं एखादं ओळखीचं घर शोधा, त्यांना चहा-पोह्यांचं कबूल करा आणि कॅमेरा स्टँडवर लावा. झांकीचे दिवे तिथून जास्त छान येतात. वरून नुसती डोकी दिसतात.

प्रश्न : मॅडम, मी लग्नाचे व्हिडिओ करतो. पुढच्या मोसमात एक लग्न राऊकडच्या फार्महाउसवर आहे आणि त्याच घरचं रिसेप्शन पलासियाच्या हॉटेलात, गच्चीवर. ड्रोन दीड किलोचा आहे. परवानगी कुठे, कशी मागायची? अर्ज मंजूर होण्यासाठी काय लिहावं?
– सुदामानगर

उत्तर : शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाकीचे "ओळख आहे का" विचारतात.

आधी तुमचे कागद. दीड किलो म्हणजे मायक्रो गट, २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत. छंद म्हणून उडवणाऱ्याला या गटात पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण तुम्ही पैसे घेता, म्हणून लागतं. वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्य केलेल्या संस्थेत प्रशिक्षण, एवढ्या अटी. ते दहा वर्षं चालतं. ड्रोनला नोंदणीचा यूआयएन क्रमांक हवा आणि थर्ड पार्टी विमाही. नवा ड्रोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा की या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मंजुरी, आहे का. "सगळे हेच घेतात, भिया" हे उत्तर नाही.

आता जागा. राऊचा बराच भाग हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात येतो, तिथे ६० मीटरच्या खाली राहिलात तर एटीसीकडे जावं लागणार नाही. तरी फार्महाउसची नेमकी जागा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तपासा, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी पुन्हा. पलासिया मात्र आठच्या आत आहे, म्हणजे जमिनीपासून पिवळा.

गच्चीचं एक सांगते, कारण इथे पुष्कळ जण फसतात. तुमच्या रिमोटवर दिसणारी उंची जिथून ड्रोन उचलला तिथून मोजलेली असते. पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून उडवला आणि पडद्यावर ६० दिसले, तर रस्त्यापासून तो पंचाहत्तरच्या आसपास आहे. परवानगीतली उंची जमिनीपासूनची असते. इमारतीची उंची वजा करून मगच पडद्यावरची मर्यादा लावा.

आणि अर्ज. टॉवरमधल्या माणसाला तुमच्या वधूवरांशी देणंघेणं नसतं. त्याला एकच बघायचं असतं : त्या वेळी, त्या तुकड्यात, त्या उंचीखाली माझं काही येणार आहे का? "पलासिया परिसर, संध्याकाळी" असं लिहिलंत तर त्याला सबंध पूर्व इंदूर आणि सबंध संध्याकाळ तुमच्यासाठी अडवावी लागेल, आणि तो नाही म्हणेल. मीही नाहीच म्हटलं असतं. हॉटेलचे अक्षांश-रेखांश द्या, भोवतीचा घेर मीटरमध्ये लिहा, तुम्हाला खरोखर लागते तेवढीच उंची मागा. वरातीसाठी वीस मिनिटं लागत असतील तर तीन तास मागू नका. ड्रोनचा यूआयएन, पायलटचा प्रमाणपत्र क्रमांक आणि त्या वेळी जो मोबाइल हातात असेल त्याचा नंबर द्या. बँडच्या आवाजात ऐकू येत नसेल तर फोन सांभाळायला एक पोरगा उभा करा. टॉवरनं "खाली घ्या" म्हटलं की लगेच खाली आला पाहिजे.

आकड्यापुढे एकक लिहा, ही विनंती. विमानांच्या जगात उंची फुटांत बोलतात, तुमचा ड्रोन मीटर दाखवतो. नुसते "२००" लिहिले तर २०० फूट म्हणजे ६० मीटर समजायचे की खरेच २०० मीटर? वेळेचंही तसंच. विमानतळाच्या कागदांवर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. मंजुरीत १२:३० दिसलं तर दुपारची साडेबारा धरून चालू नका. ती संध्याकाळची सहाची वेळ असू शकते. भारतीय वेळ आहे की यूटीसी ते फोन करून विचारा, कुणी हसत नाही.

ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये "या भागात उड्डाण खुलं केलं" असा संदेश आला, म्हणजे परवानगी मिळाली, असाही एक समज आहे. ते कंपनीचं कुलूप कंपनीनं उघडलं, बस. सरकारशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : बाई, नातू न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय. छोटा ड्रोन आणणार म्हणतो, २४९ ग्रॅमचा, "आजी, याला काहीच लागत नाही." खरं का?
– एक आजी, लोकमान्यनगर

उत्तर : आजी, अर्धं खरं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो. त्याला पायलटचं प्रमाणपत्र नको, टाइप सर्टिफिकेट नको, विमाही नको. पण लाल-पिवळे पट्टे त्यालाही लागू आहेत, वजन कमी म्हणून आकाश वेगळं होत नाही. आणि तुमच्या घरापासून विमानतळ फार लांब नाही.

मोठी अडचण त्याआधी येईल. फेब्रुवारी २०२२पासून परदेशातून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी सवलत आहे, नातवंडांसाठी नाही. कस्टम्सच्या घोषणापत्रात ड्रोनचा वेगळा रकाना असतो. त्याला सांगा, ड्रोन तिथेच ठेव आणि बॅगेतल्या त्या जागेत तुमच्यासाठी बदाम आण.

प्रश्न : आमचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, राहतं. घराण्यावर माहितीपट करतोय, किल्ल्याचं हवाई दृश्य हवं आहे. इंदूरसारखीच पद्धत का?
– ग्वाल्हेर

उत्तर : नियम तेच, दार वेगळं. इंदूरला एटीसी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं आहे. महाराजपूरचा तळ हवाई दलाचा, तिथून मिराज-२००० उडतात आणि प्रवासी विमानंही त्याच धावपट्टीवर उतरतात. त्यामुळे पिवळ्या भागातली परवानगी हवाई दलाच्या एटीसीकडून येते. तिथे वेळेबाबत घासाघीस होत नाही, जी वेळ मिळेल ती घ्या. लष्करी ठिकाणांभोवतीचे लाल तुकडे नकाशावर बारकाईनं बघा.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, त्यांची चित्रीकरणाची परवानगी वेगळी. ती हातात आली म्हणून एटीसीची आली असं होत नाही, आणि उलटही नाही. दोन्ही अर्जांत तारीख आणि जागा तंतोतंत एकच लिहा.

राहिली उंची. तुमचा किल्ला शहरापासून सुमारे १०० मीटर उंच, सरळ कड्यांचा. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाशेजारून ड्रोन उचलला आणि ६० मीटरवर स्थिर ठेवला तर खालच्या जमिनीपासून तो ६० मीटरच आहे. तोच ड्रोन तटाबाहेर शहराकडे सरकवलात, उंचीच्या बटणाला हातही लावला नाही, तरी खालची जमीन निसटते आणि तो एकदम १६० मीटरवर जातो. तटाबाहेरचं दृश्य हवं असेल तर ते किल्ल्याखालून, शहराच्या पातळीवरून उडवून घ्या आणि अर्जात ती उड्डाणं दोन वेगळी दाखवा.