वरचा सूर लागेनासा झाला तेव्हा

समुपदेशनाच्या कामात कलावंतांकडून, आणि त्यांच्याहूनही अधिक वेळा त्यांच्या घरच्यांकडून, एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. वय झाले की आवाज जातोच का, आणि तो जात असेल तर माणसाने मंचावर उभे राहावे का? शास्त्रीय गायक, कीर्तनकार, नाट्यगीते गाणारे, सगळ्यांनाच ही काळजी कधी ना कधी गाठते. परंतु रॉक गायकांच्या बाबतीत ती इतकी जिव्हारी का लागते, हे मला एका गृहस्थांमुळे कळले. ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या संमतीने ती हकिकत येथे सांगत आहे.

ते माझ्याकडे आले तेव्हा ५९ वर्षांचे होते. दादरच्या मराठी घरात वाढलेले, आयुष्यभर विमा क्षेत्रात नोकरी केलेले आणि १९८०च्या दशकात मुंबईतील एका रॉक बँडचे मुख्य गायक असलेले. धोबी तलावाचे रंगभवन तरुणांनी भरून जात असे आणि १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला, तो त्यांचा भराचा काळ. डीप पर्पल, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी ते गात आणि त्यांतील उंच किंकाळीसाठी महाविद्यालयांत त्यांचे नाव होते. जुन्या मित्रांनी बँड पुन्हा एकत्र आणून एक कार्यक्रम ठरवला होता. तीन तालमी झाल्यावर यांनी सरावाला जाणे बंद केले, मित्रांचे फोन घेईनासे झाले आणि घरात बोलणेही कमी केले. मुलगी त्यांना घेऊन आली होती.

पहिल्या भेटीत त्यांनी खिशातून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. लेबलावरची शाई फिकी झाली होती, ‘८९’ एवढे वाचता येत होते. माझ्याकडे ती वाजवण्याची सोय नव्हती आणि ते त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी बोट कॅसेटवर ठेवले आणि म्हणाले, “माणसं मला ऐकायला येत नाहीत हो, ती किंकाळी ऐकायला येतात. ती आता येत नाही.” हे सांगताना त्यांचा दुसरा हात नकळत गळ्याकडे गेला. पुढच्या चार-पाच भेटींत तो हात मी अनेकदा पाहिला. एखाद्या दुखऱ्या जागेचा अंदाज घ्यावा तसा तो गळ्यावर टेकत असे.

मनाचे काम सुरू करण्याआधी शरीराची तपासणी व्हायला हवी, असा माझा नियम आहे. आवाज तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला असेल, तर ‘वय झाले’ असे म्हणून तो प्रश्न कुणीही बाजूला सारू नये. पूर्वी धूम्रपान केलेल्या माणसाने तर मुळीच नाही. यांनी पंधरा वर्षे सिगारेट ओढली होती. म्हणून मी त्यांना प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. तेथे दुर्बीण घालून आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल संथ दिसेल अशा पद्धतीने तपासणी झाली. गाठ नव्हती. मात्र दोन्ही स्वरतंतूंच्या कडा मधोमध किंचित एकमेकींपासून दूर वाकून धनुष्यासारख्या झाल्या होत्या, त्यामुळे ते मिटताना मध्ये एक बारीक फट उरत होती. शिवाय पोटातील आम्ल वर येत असल्याने मागच्या बाजूला थोडी सूजही होती.

या फटीविषयी मी त्यांच्याशी सविस्तर बोललो, कारण भीतीचा मोठा भाग अज्ञानातून येतो. आपण गातो तेव्हा हे दोन तंतू हवेच्या दाबाने उघडतात आणि मिटतात. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील ज्या सुराला पाश्चात्त्य वाद्ये जुळवली जातात, तो ४४० कंपनांचा सूर लावायचा तर एका सेकंदात ४४० वेळा. रॉकमधील पुरुष गायक या सुराच्या आसपास आणि त्याच्याही वर जाऊन पूर्ण ताकदीने गातो. वयाबरोबर स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होत जातो, वरच्या मऊ थराची लवचीकता घटते, ओलावा टिकवणाऱ्या ग्रंथी मंदावतात, स्वरयंत्रातील कूर्चा हाडासारखी टणक होते आणि फुप्फुसांत पूर्वीइतकी हवा मावत नाही. स्त्रियांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर बहुधा खाली उतरतो, तर पुरुषांचा बोलण्याचा आवाज उतारवयात पातळ होऊन थोडा वरही सरकतो. परंतु ताणून, जोर लावून घ्यायचा उंच सूर दोघांच्याही हातून आधी निसटतो. फटीतून हवा वाया जाते, दम लवकर संपतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी गायक मानेचे स्नायू आवळतो. यांच्या मानेच्या शिरा साध्या बोलण्यातही फुगलेल्या दिसत, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

त्यात रॉकचा म्हणून एक वेगळा हिशेब असतो. विजेच्या गिटारी आणि ड्रम यांच्या कल्लोळात गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि ऐकू आला नाही की माणूस आपोआप ओरडू लागतो. त्या काळच्या सभागृहांत गायकासमोर ठेवलेला मॉनिटर, म्हणजे त्याचाच आवाज त्याला ऐकवणारा स्पीकर, बहुतेक वेळा नावापुरताच असे. ऐन पंचविशीत गळ्याने हे सारे सोसले, त्याची थकबाकी साठीच्या उंबरठ्यावर मागितली जाते.

हे सगळे त्यांनी समजून घेतले, मान डोलावली, आणि त्यांची खिन्नता तसूभरही कमी झाली नाही. माहिती देऊन दुःख हलके होते असे मला पूर्वी वाटत असे. अशा भेटींनी ते मत बदलायला लावले.

एका भेटीत आईचा विषय निघाला. त्यांच्या आई भजन उत्तम म्हणत. तरुणपणी पेटीची ‘काळी चार’ ही पट्टी धरून त्या गात, पुढे काळी तीन आणि अखेरच्या वर्षांत पांढरी दोन. “जरा खालची पट्टी द्या, असे पेटीवाल्यांना सांगताना त्यांना कधी लाज वाटली होती का?” मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाही. पण आईचं भजन कुणी कॅसेटवर ऐकलेलं नव्हतं.”

त्या एका वाक्यात त्यांच्या दुखण्याचे मूळ होते. आपल्याकडे गायक आपला षड्ज, म्हणजे गाण्याच्या आधाराचा ‘सा’, स्वतः निवडतो आणि वयानुसार तो बदलतो, श्रोता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. रॉकचे गाणे मात्र एका विशिष्ट दिवशी, एका तरुण गळ्यातून निघालेल्या ध्वनिमुद्रणाशी बांधले जाते. तेच गाणे जगभरातील कानांत घट्ट बसते, आणि पुढची पन्नास वर्षे त्या गायकाला स्वतःच्याच बाविशी-पंचविशीशी तुलना सोसावी लागते. माझे हे गृहस्थ तर दुहेरी कात्रीत होते. एका बाजूला मूळ गायकाची ध्वनिमुद्रिका, दुसऱ्या बाजूला स्वतःची ८९ची कॅसेट.

म्हणून मग आम्ही त्या मूळ गायकांकडेच वळलो. ते आज काय करतात, हे पाहण्याचे काम मी त्यांना घरी करायला दिले आणि त्यांनी ते मनापासून केले. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनामध्ये लेड झेपेलिन पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांचे गायक रॉबर्ट प्लांटही ५९ वर्षांचे होते, आणि त्या रात्री काही गाणी मूळ पट्टीहून खाली घेतलेली होती. त्याच वर्षी प्लांट यांनी अॅलिसन क्राऊस या अमेरिकी गायिकेबरोबर अगदी हलक्या, जवळजवळ कानात बोलल्यासारख्या आवाजात गाइलेला अल्बम प्रसिद्ध केला आणि २००९मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. डीप पर्पलचे इयन गिलन यांनी ज्या गाण्यातील किंकाळ्यांनी त्यांना १९७०मध्ये कीर्ती दिली, ते ‘चाइल्ड इन टाइम’ मंचावर गाणे वीस वर्षांहून अधिक काळ सोडून दिले आहे. बँड मात्र चालू आहे आणि तेच त्याचे गायक आहेत.

सगळ्या गोष्टी अशा गोड नाहीत, आणि त्या लपवणे मला योग्य वाटले नाही. अमेरिकी रॉक गायक जॉन बॉन जोव्ही यांचा एक स्वरतंतू क्षीण झाल्याने जून २०२२मध्ये शस्त्रक्रिया करून त्याला बाहेरून आधार बसवावा लागला आणि त्यानंतर दीर्घकाळ आवाजाचे व्यायाम करावे लागले. एरोस्मिथ या अमेरिकी बँडचे गायक स्टीव्हन टायलर यांच्या गळ्याला सप्टेंबर २०२३मध्ये इजा झाली, आणि पूर्वीसारखे बरे होणे शक्य नाही म्हणून ऑगस्ट २०२४मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते. थांबणे हाही काही वेळा योग्य निर्णय असतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मात्र तो तपासणीच्या आणि उपचाराच्या आधारावर घ्यावा, लाजेच्या आधारावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दरम्यान स्पीच थेरपिस्टकडे त्यांचे व्यायाम सुरू झाले होते. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून तिच्यातून हुंकार भरायचा, बुडबुडे एकसारखे उठत राहिले पाहिजेत. मग तोच हुंकार खालून वर आणि वरून खाली अलगद सरकवायचा. हे करताना स्वरतंतूंवर मारा न होता त्यांना मिटण्याची सवय लागते. पहिल्या आठवड्यात त्यांना हा पोरखेळ वाटला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर तो करून दाखवला आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांची हनुवटी वर ताणलेली नव्हती. रात्रीचे जेवण त्यांनी लवकर घ्यायला सुरुवात केली, सरावाआधी पंधरा मिनिटे आवाज तापवू लागले आणि लागोपाठ दोन दिवस तालीम ठेवायची नाही असे ठरवले. तीन महिन्यांत बोलण्यातील घोगरेपणा बराच उतरला. किंकाळी परत आली नाही, आणि ती येईल असे आम्हांपैकी कुणीही त्यांना सांगितले नव्हते.

सर्वांत अवघड काम राहिले होते ते मित्रांना सांगण्याचे. त्यासाठी आम्ही एक पूर्ण तास केवळ एका वाक्यावर घालवला. त्यांना माफी मागायची होती. मी त्यांना फक्त पट्टी सांगायला सुचवले. अखेर ते तालमीला गेले आणि म्हणाले, “पांढऱ्या तीनवरून दोनवर या.” गिटारवाल्याने काही न बोलता खुंट्या पिळायला घेतल्या आणि सहाही तारा दोन पडद्यांइतक्या उतरवल्या. मग तो म्हणाला की त्याच्या बोटांनाही सैल तारा बऱ्या वाटतात, सांधे दुखतात म्हणून तोच हे सुचवणार होता, पण गायकाला वाईट वाटेल या धास्तीने गप्प बसला होता. पाच माणसे आपापले दुखणे झाकून तीन तालमी एकमेकांशेजारी उभी होती.

कार्यक्रमाला मी गेलो नाही. मंचावर आपला समुपदेशक समोर बसलेला दिसू नये, असे मला वाटते. मुलीने नंतर मला ध्वनिमुद्रण ऐकवले. ज्या जागी किंकाळी यायची, तेथे ते थांबतात आणि ती ओळ गिटार वाजवते. त्यानंतर ते खालच्या सुरात पुन्हा आत येतात. आवाजाला थोडी जाडी आहे, काही ठिकाणी हवा निसटते, शब्द मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट कळतात. एके ठिकाणी प्रेक्षकांतून कुणीतरी जुन्या सवयीने ती किंकाळी स्वतःच मारतो आणि ते हसताना ऐकू येतात.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. स्वतःविषयी काही नव्हते. त्यांच्या ड्रमरला कानात सतत शिट्टी वाजल्यासारखे ऐकू येते, समोरच्याचे बोलणे नीट कळत नाही, आणि तो ते कुणाला सांगायला तयार नाही. श्रवणचाचणी कुठे करतात आणि त्याला तिथे कसे न्यावे, हे त्यांना विचारायचे होते.