सांगितलेली गोष्ट कुणाची?

प्रश्न : ताई, मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. दीर आणि माझे यजमान मिळून बघतात. यजमानांना दारूचं व्यसन. गेल्या वर्षी पेठेतल्याच एका समुपदेशकाकडं ते जायला लागले. दर शनिवारी एक तास, पाचशे रुपये फी. आठ महिने थेंबाला शिवले नाहीत. तिथं मन मोकळं करताना त्यांनी सांगितलं की गल्ल्यातले दीड लाख भावाला न सांगता उचलले होते. त्या समुपदेशकाची आणि दिरांची तालमीपासूनची ओळख. पंधरा दिवसांत गोष्ट दिरांच्या कानावर गेली आणि घरात महाभारत झालं. यजमान आता पुन्हा रोज पितात, कुणाकडंच जायला तयार नाहीत. तक्रार करायची म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "जाऊ दे की. तेनंच तर आठ म्हैने त्येला माणसात ठेवलं हुतं." त्याच्या बोर्डावर 'रजिस्टर्ड' लिहिलंय. तक्रार कुठं करू? करावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तक्रारीच्या आधी एक तातडीची गोष्ट. ते रोज पितात असं तुम्ही लिहिलंय. रागाच्या भरात घरच्या घरी त्यांची दारू एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात त्यांना दाखवा. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या जा आणि डॉक्टरांशी बोला. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

आता तुमचा प्रश्न. झालं ते चूकच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि इतर अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक त्रासही धरले आहेत, आणि त्याच्या २३व्या कलमानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केलं आहे. अपवाद मोजके आहेत : कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला सांगावं लागत असेल. गल्ल्यातले दीड लाख यात कुठंच बसत नाहीत. भावाला सांगणं गरजेचं वाटलं असेल, तर यजमानांना धीर देऊन त्यांच्या तोंडून ते सांगवून घेणं हेच त्या समुपदेशकाचं काम होतं.

हे मी वरून बोलत नाही. समुपदेशक म्हणून माझ्या नोकरीला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कपिलतीर्थ मंडईत मेथी घेत होते. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "आमचा जावई येतोय न्हवं तुमच्याकडं?" मी सहज बोलून गेले, "येतात की, अगदी नेमानं." त्या नुसता खडा टाकून बघत होत्या. सासरी त्यानं काही सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या वरिष्ठ मॅडमनी आवाज चढवला नाही. माझ्या फाईलवर लेखी नोंद केली. तीन महिने मला एकटीला रुग्ण दिला नाही, प्रत्येक बैठकीचं टिपण त्यांच्यापुढं वाचायला लावलं. आणि मला त्या माणसाची माफी मागायला पाठवलं. तो महिन्यानं परत आला, पण माझ्याकडं नाही. त्या तीन महिन्यांत मी जे शिकले ते कॉलेजात शिकले नव्हते. अशी मॅडम प्रत्येकाच्या डोक्यावर नसते, म्हणून तक्रार करायला जागा असावी लागते.

तुमच्या त्या 'रजिस्टर्ड' शब्दाकडं येऊ. कशाचं रजिस्ट्रेशन, हे विचारा. पुष्कळदा ते दुकान कायद्याचं असतं, नाहीतर संस्थेच्या नोंदणीचं. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असते. तिथं नोंद नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला १९९२च्या कायद्यानं एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गैरवर्तन सिद्ध झालं तर परिषद नाव काढूनही टाकू शकते. पण नुसतं 'समुपदेशक' म्हणून बसलेल्या माणसावर अशी परिषद आजवर नव्हती. २०२१च्या केंद्रीय कायद्यानं समुपदेशकांसारख्या व्यावसायिकांना एका आयोगाखाली घेतलंय. अमेरिकेत बहुतेक राज्यांत व्यसनाच्या समुपदेशकालाही परवाना किंवा प्रमाणपत्र लागतं. त्यानं गोपनीयता मोडली तर मंडळ ताकीद देतं, वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करायला लावतं, परवाना काढूनही घेतं. पुष्कळ ठिकाणी तो आदेश कुणालाही वाचता येतो. आपल्याकडं हे व्हायलाच हवं, आणि लवकर.

तोवर काय? परिषदेचा नोंदणी क्रमांक निघाला तर त्या परिषदेकडं लेखी तक्रार. रुग्ण भरती करून घेणारं केंद्र असेल तर आधी तिथल्या प्रमुखाकडं आणि दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडं. यातलं काहीच नसेल, तरी फी घेतली आहे, म्हणजे ग्राहक आयोग आहे. तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावत्या, फोनवरचे निरोप, तारखा आत्ताच एका पाकिटात घालून ठेवा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर कसबा बावड्यात न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरणाकडं विचारा.

पण थांबा. हा अर्ज तुम्ही त्यांना न विचारता देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. फुटली ती गोष्ट त्यांची होती. तक्रारीत ती पुन्हा लिहावी लागेल, चार अनोळखी माणसं वाचतील. त्यांच्या संमतीशिवाय हे झालं तर त्यांच्यावर तोच घाव दुसऱ्यांदा बसेल, या वेळी तुमच्या हातून. ते शुद्धीत असतील अशा एखाद्या सकाळी विचारा : "तुमचा विश्वास मोडला. तुम्हाला तक्रार करायची आहे का? मी सोबत आहे." नाही म्हणाले तर ऐका. पाकीट जपून ठेवा.

सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. त्या आठ महिन्यांचं श्रेय त्याला थोडं आहे, तुमच्या यजमानांना जास्त आहे. पण ज्या विश्वासावर ते आठ महिने उभे राहिले, तोच त्यानं मोडला. सासूबाईंना हे असंच सांगून बघा.

प्रश्न : मी एका व्यसनमुक्ती केंद्रात दीड वर्ष समुपदेशक आहे. माझे वरिष्ठ स्वतः बारा वर्षं व्यसनमुक्त. त्यांच्यामुळंच मी या कामात आले. पण गेल्या दोन महिन्यांत दोनदा त्यांच्या तोंडाला दारूचा वास आला. सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल.
– नाव नको

उत्तर : बाळ, तुझ्या आधी तो वास रुग्णांना आला असेल. वीस दिवस दारू सोडलेल्या माणसाचं नाक फार तिखट असतं.

आधी त्यांना एकांतात सांग : "सर, मला वास आला. उपचार सुरू होईपर्यंत तुम्ही रुग्णांसमोर बसू नका." प्रमुख डॉक्टरांना ते स्वतः सांगतील यासाठी दोन दिवस दे. नाही सांगितलं तर तू लेखी कळव. 'पितात' असं लिहू नकोस. तारीख, वेळ, वास आला, एवढंच लिही. त्यांना रजा, उपचार आणि परत आल्यावर देखरेखीखाली काम द्यावं, असंही त्याच पत्रात सुचव. परदेशातली पुष्कळ परवाना मंडळं आजारी पडलेल्या समुपदेशकासाठी अशी सोय ठेवतात. त्यांचे उपचार मात्र तू अंगावर घेऊ नकोस.

आणि रुग्णांनी विचारलं तर "सर रजेवर आहेत" एवढंच सांग.