वाचकांचे प्रश्न : आधी कपाट ढकला

मॅडम, 1995-96 च्या सुमारास मी सांगलीत कॉम्प्युटर क्लासला यायचो. सर चहाला गेले की कोपऱ्यातल्या मशीनवर एक भुताचा गेम लागायचा. मिशीवाला माणूस, जुनं घर, पोटमाळा. खिडकी फोडून काहीतरी आत यायचं आणि आमचा खेळ खलास. पोटमाळ्याच्या खाली कधी उतरताच आलं नाही. त्या गेमचं नाव काय? आता खेळायला मिळेल का?
— एक वाचक, इस्लामपूर

मिशी आणि पोटमाळा म्हणालात तिथेच ओळखलं. तो ‘अलोन इन द डार्क’. इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीने 1992 साली काढला, आणि त्यामागचं मुख्य डोकं फ्रेडरिक रेनाल यांचं. माझ्या क्लासमध्येही तो कुणीतरी फ्लॉपीवर आणला होता. डॉसचे कमांड पाठ व्हायला महिना लावणारी मुलं हा गेम सुरू करायच्या ओळी मात्र एका दिवसात शिकली!

गोष्ट 1920 च्या दशकातली, अमेरिकेतल्या लुइझियानाची. डेर्सेटो नावाच्या हवेलीचा मालक जेरेमी हार्टवुड गळफास घेतो. त्यानंतर तिथे जायचं ते एकतर मिशीवाला गुप्तहेर एडवर्ड कार्नबी म्हणून, नाहीतर जेरेमीची पुतणी एमिली म्हणून. तुमच्या क्लासमध्ये एमिलीला कुणी निवडलं नसणार. यावेळी निवडून बघा.

आता पोटमाळा. सुरुवातीला कुठेही हिंडू नका. आधी कपाट ढकलून खिडकीपुढे लावा, मग पेटी ढकलून जमिनीतल्या झडपेवर आणा. एक संकट खिडकीतून येतं, दुसरं झडपेतून. दोन्ही वाटा बंद झाल्या की खोली तुमची. मग निवांतपणे पेटी उघडा, आत बंदूक आहे. दिवाही तिथेच मिळतो, तो सोडू नका. ढकलायचं कसं हे तेव्हा कुणी सांगितलं नसेल : एंटर दाबला की यादी येते, तिच्यात ‘पुश’ निवडायचं आणि स्पेसबार दाबून चालायचं. मॅन्युअल नसलेल्या कॉपीवर खेळणारी सगळी मुलं इथेच अडायची.

या गेमची भीती मला आजही खरी वाटते, आणि त्याचं कारण त्या काळच्या मशीनमध्ये आहे. 386-486 या तेव्हाच्या संगणकांवर अख्खं घर त्रिमितीत हलवणं परवडणारं नव्हतं. म्हणून खोल्या आधीच रंगवलेली चित्रं म्हणून ठेवल्या आणि फक्त माणूस, भुतं आणि हलणाऱ्या वस्तू तेवढ्या त्रिमितीत काढल्या. चित्र ठरलेलं, म्हणून कॅमेराही ठरलेल्या जागी. तुम्ही पुढे चालता आणि एकदम दृश्य बदलतं : आता तुम्ही आढ्यावरून दिसता, आता दाराच्या फटीतून. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते तुमच्या माणसाला दिसतं, तुम्हाला नाही. पावलांचा आवाज येतो आणि ती कुणाची ते कळत नाही. आजच्या गेममध्ये कॅमेरा वाटेल तसा फिरवता येतो, तिथे हा गळा आवळणारा अनुभव मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. रेनाल यांना 2006 साली फ्रान्स सरकारने कला-साहित्यातला सन्मान दिला, तो योग्यच होता.

खेळायला मिळेल. जीओजी या साइटवर पहिले तिन्ही भाग एकत्र विकत मिळतात. सोबत डॉसबॉक्स हे डॉसचे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर बसवूनच येतं, त्यामुळे आजच्या विंडोजवर वेगळी खटपट नाही. फक्त एक सांगते, यूट्यूबवरचं उत्तर बघून खेळू नका. चौकटीची वही घ्या, प्रत्येक खोली काढा, कुठलं दार कुठे उघडतं ते लिहा. घर पाठ झालं की भूत अर्धं हरलं.

मॅडम, त्याच गेममध्ये जिन्यावर दोन पंखवाले प्राणी आहेत. बंदूक, तलवार, काहीच चालत नाही.
— मिरज

चालणारच नाही, गोळ्या वाचवा. घरात दोन लहान आरसे आहेत ते शोधा आणि जिन्याशी दोघांपुढे एकेक ठेवा. स्वतःचं रूप दिसलं की ते नाहीसे होतात. या घरात बहुतेक संकटांना मारायचं नसतं, त्यांना काय हवं ते ओळखायचं असतं. जेवणघरातल्या भुतांपुढे जेवणाचं भांडं ठेवलं की ती तुम्हाला विसरतात. आणि पुढचं मोठं दार दिसलं म्हणून पळत जाऊन उघडू नका, बाहेर जे आहे ते अख्खं गिळतं.

2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. ‘सेव्हन्थ गेस्ट’ या गेमच्या दोन्ही मूळ सीड्या गाळात सापडल्या. भावाची आठवण आहे, टाकवत नाहीत. काही होईल का?
— एक वाचक भगिनी, सांगली

होईल, बऱ्याचदा होतं. वाळलेला गाळ कापडाने पुसू नका, कृष्णेच्या गाळात बारीक वाळू असते आणि तीच ओरखडे पाडते. स्वच्छ पाण्यात सीडी भिजत ठेवा, गाळ आपोआप सुटू द्या. मग पातळ साबणपाणी आणि जुनं मऊ सुती कापड घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. छापील बाजूला जास्त जपा. माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तो खरवडला गेला तर उपाय नाही, चकचकीत बाजूचा ओरखडा मात्र पुष्कळदा चालून जातो. सीडी एकदा वाचली गेली की लगेच तिची प्रत काढा. आयएसओ प्रकारच्या फाइलमध्ये ऑडिओ ट्रॅक येत नाहीत, म्हणून बिन-क्यू या जोडफाइलच्या प्रकारात काढा. मग स्कमव्हीएम हे जुने गेम चालवणारं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात 1993 चा हा गेम छान चालतो. खेळणी बनवणाऱ्या स्टॉफच्या हवेलीतली केक कापायचं कोडं भावाने सोडवलं होतं का, ते जरूर कळवा.

मुलगा बारा वर्षांचा आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल’ पाहिजे म्हणून मागे लागलाय. द्यावा का?
— एक आई, कऱ्हाड

ताई, इतक्यात नको. 1996 चा तो गेम मला फार आवडतो, पण त्यातलं रक्त आणि चावे बारा वर्षांच्या मुलासाठी नाहीत. त्याऐवजी ‘मॅनिॲक मॅन्शन’ द्या. 1987 चा आहे, घर विचित्र, माणसं त्याहून विचित्र, आणि भीतीबरोबर हसूही येतं. तोही स्कमव्हीएमवर चालतो. पहिले काही दिवस शेजारी बसा. इंग्रजी वाक्यांना तुमची मदत लागेल आणि कोडी दोघांनी मिळून सुटतील.

आपल्याकडच्या वाड्यावर असा गेम करायचा आहे. मी इंजिनीअरिंगला आहे. सुरुवात कुठून करू?
— वाई

हे पत्र वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तुमच्या जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. वही घेऊन एक दिवस तिथे घालवा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, माजघर, माडी : आपल्या वाड्यात एका चौकातून दुसरा दिसतो, पण तिथे जायला वळसा पडतो. ठरलेल्या कॅमेऱ्याच्या गेमला याहून चांगलं घर कुठे मिळणार? माडीच्या गजांतून खाली चौकात कुणीतरी दिसावं आणि आपण जिना उतरून पोचेपर्यंत तिथे फक्त ओली पावलं असावीत. कोनाड्यातली पणती हाच सेव्ह करायचं ठिकाण ठेवा, आणि तेल मोजकंच द्या. नदीच्या घाटावरची मोठी घंटाही वापरा.

‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ हे साधन फुकट आहे आणि असल्या जुन्या धाटणीच्या गेमसाठीच आहे. त्यात जोडाक्षरं फुटू शकतात, म्हणून मराठी मजकूर चित्र म्हणून काढा किंवा संवाद थेट आवाजात घ्या. आजीचा आवाज मिळाला तर उत्तम. पहिल्या खेपेला पाचच खोल्या करा. नकाशा तयार झाला की मला पाठवा, आणि कुठल्या दाराला कडी बाहेरून आहे ते त्यावर लिहा.