अडीच वर्षांचा झाला, अजून अंगावर पितो

"मॅडम, याचं अंगावरचं तोडायचंय. पण तोडवतही नाही."

मुलगा अडीच वर्षांचा. घरातले म्हणत, आता त्या दुधात काही उरलेलं नाही, नुसतं पाणी. असा चिकटलेला मुलगा पुढे हट्टी होणार. मैत्रिणी म्हणत, आपणहून सोडेपर्यंत पाज, आधी तोडणारी आई स्वार्थी. दोन्हीकडची बोलणी ऐकून ती मेटाकुटीला आली होती.

पाण्याचं आधी निकालात काढलं. दुसऱ्या वर्षातही मुलाच्या ऊर्जेची साधारण एक तृतीयांश गरज या दुधातून भागू शकते. संसर्गाशी लढणारे घटक तर त्यात असतातच. जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि हवं तर त्यापुढेही पाजायला सांगते. राहिला चिकटपणा. अडीच वर्षांचं मूल आईला चिकटतंच, पीत असो वा नसो.

मग रात्रीचं विचारलं. तो रात्रीतून चार-पाचदा उठून प्यायचा, सकाळी भूक नसायची, दिवसभरात जेमतेम दोन-चार घास. इथे मात्र मला काळजी वाटली. अंगावरच्या दुधात लोह फार थोडं असतं. या वयात ते जेवणातूनच मिळायला हवं. बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, औषध सुरू झालं. रात्रभर पीत राहणाऱ्या मुलाचे दात किडण्याचा धोकाही असतो, म्हणून झोपण्याआधी ब्रश ठरला.

"म्हणजे बंदच करू ना?" तिने इतक्या घाईने विचारलं की मी जरा खोदलं. दुपारचं पाजणं तिला मनापासून आवडत होतं. नको झालं होतं ते रात्रीचं. पाजायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही, असं तिच्या डोक्यात कुणी घातलं होतं कोण जाणे!

रात्रीचं आधी धरलं. मुलगा उठला की बाबांनी जवळ घ्यायचं, पाणी द्यायचं, थोपटायचं. सुरुवातीला रडारड झाली, बाबांचाही कस लागला. (दूध तोडण्याचं निम्मं काम आईचं नसतंच, असं माझं मत.) एक वेळ बंद केली की काही दिवस थांबायचं, मग पुढची. एकदम थांबवलं तर छाती दगडासारखी घट्ट होते, ठणकते. अशा वेळी बरं वाटेल इतपतच दूध काढावं. छाती लाल झाली, ताप आला तर डॉक्टर गाठावा. स्तनाला कडू काहीतरी फासणं किंवा आईने चार दिवस गायब होणं, हे दोन्ही मी कुणालाच सुचवत नाही. ज्या कुशीत मूल शांत होतं तीच एकाएकी परकी करायची, आणि वर त्याने रडूही नये?

रात्रीचं सुटल्यावर तो सकाळी खायला मागू लागला. दुपारचं पाजणं तिने चालू ठेवलंय. घरातल्यांचं बोलणंही चालूच आहे.