मेम्ब्रेन सतत चोक होतेय? आधी मॅशिंग तपासा

बिअर गाळताना क्रॉसफ्लो मेम्ब्रेनचा (बारीक छिद्रांची गाळणी, जिच्या पृष्ठभागाला समांतर बिअर वाहते) दाब दोन तासांत चढतो, कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने) धुऊनही पहिला प्रवाह परत मिळत नाही, तर ०.४५ ऐवजी ०.६५ मायक्रॉन छिद्रांची मेम्ब्रेन घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: एवढ्यात घेऊ नका.

यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची. ती छिद्रात शिरत नाही, वरच थर धरते आणि बॅकफ्लश केला, म्हणजे उलट दिशेने प्रवाह सोडला, की बरीचशी सुटते. खरा छळ करतात ते बीटा-ग्लुकन, अरॅबिनोझायलन (दोन्ही धान्याच्या पेशीभित्तीतली चिकट कर्बोदकं) आणि प्रथिनं-पॉलिफेनॉलची (पॉलिफेनॉल म्हणजे तुरट द्रव्यं) बारीक गुंफण. हा चिकट माल छिद्रांच्या भिंतींना धरून बसतो. छिद्र मोठं केलंत तर तो आणखी खोल जाऊ शकतो, आणि तिथून काढणं जास्त अवघड.

आम्हीही अशाच वेळी महिनाभर नुसती मेम्ब्रेन धूत होतो. दोष निघाला माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) नव्या लॉटमध्ये. दाण्याच्या पेशीभित्ती नीट मोडल्या नव्हत्या आणि आम्ही मॅशिंग (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं) थेट ६५ अंशांवर सुरू करत होतो. त्या तापमानाला बीटा-ग्लुकनेज (ग्लुकन तोडणारं एन्झाइम) काही मिनिटांत निकामी होतं, ग्लुकन मात्र सुटतच राहतं. आधी ४५ अंशांवर अर्धा तास थांबायला लागलो, तेव्हा कुठे दाब आवरला.

तुमच्याकडे हेच आहे का, ते घरच्या घरी कळेल. एकाच बिअरचे दोन नमुने घ्या, एकात बीटा-ग्लुकनेज घाला. दोन्ही रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा, मग सारखेच थंड करून ०.४५ च्या छोट्या फिल्टरमधून सारख्याच दाबाने गाळा. एन्झाइमवाला ठळकपणे जास्त वाहिला तर चोर सापडला. फरक नसेल तर यीस्ट टाकीत जास्त दिवस राहून फुटतंय का आणि आयोडीन चाचणीत स्टार्च दिसतोय का, ते बघा.

धुण्याबद्दल: नुसत्या कॉस्टिकने पॉलिफेनॉलचे डाग पुरते निघत नाहीत, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. बिअरस्टोनला (बिअरमधून बसणाऱ्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या कडक थराला) आम्ल हवं. तीव्रता आणि तापमान मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकापलीकडे नेऊ नका.

आणि धुतल्यावर पाण्याचा प्रवाह मोजता तेव्हा पाण्याचं तापमानही लिहून ठेवता ना? ५ अंशांच्या पाण्याची श्यानता (वाहायला होणारा अडथळा) २० अंशांच्या पाण्याच्या सुमारे दीडपट असते. त्यामुळे मेम्ब्रेन स्वच्छ असूनही प्रवाह एक तृतीयांशाने कमी दिसेल.