आवडता संघ जिंकावा म्हणून देवाकडे प्रार्थना करणं चूक आहे का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. संघ जिंकावा म्हणून प्रार्थना केली तर चालते का, हा एक. आणि तुमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे फुटबॉलच्या या ओढीला 'जगिक', म्हणजे देवाची नव्हे तर जगाची गोष्ट, म्हणतात, ते बरोबर आहे का, हा दुसरा. वाचताना दोन्ही मला माझेच वाटले. मी ख्रिस्ती विश्वासात वाढलो आणि शाळेत असल्यापासून लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल संघाचा चाहता आहे. यांतलं एक काही दाराबाहेर ठेवणं मला कधी जमलं नाही.

आधी प्रार्थनेचं. २५ मे २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, लिव्हरपूल आणि इटलीचं मिलान. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे. मी आतल्या खोलीत गेलो, गुडघे टेकले. 'प्रभू, एवढं कर', यापलीकडे शब्द सुचले नाहीत. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल: ५४व्या ते ६०व्या मिनिटात तीन गोल, बरोबरी, जादा वेळेच्या शेवटी गोलरक्षक दुडेकने शेवचेन्कोचे लागोपाठ दोन फटके अडवले, आणि पेनल्टींवर चषक आमचा. देवाने माझं ऐकलं, असं मी कितीतरी दिवस धरून होतो. उपासनेत उभं राहून साक्ष द्यावी असंही मनात आलं होतं.

त्या रात्री मिलानकडून काका नावाचा ब्राझीलचा खेळाडू खेळत होता. आमच्यावर झालेल्या तिसऱ्या गोलचा पास त्याचाच. दोन वर्षांनी, २३ मे २००७ ला, अथेन्समध्ये तेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर आले. मी तीच प्रार्थना केली. मिलान २-१ ने जिंकलं. शेवटची शिट्टी वाजली तशी काकाने जर्सी काढली, आतल्या शर्टावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: 'मी येशूचा आहे'. तो मैदानातच गुडघ्यांवर बसला. मी टीव्हीकडे बघत राहिलो. पलीकडच्या बाजूलाही कुणीतरी गुडघे टेकत असेल, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझा हिशेब तिथे मोडला. २००५ मध्ये देव माझ्या बाजूला आणि २००७ मध्ये काकाच्या, असं मानायचं तर देव म्हणजे नाणेफेक झाली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की, पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकच पाऊस पडतो, हे वचन पाठ असूनही मला दोन अंतिम सामन्यांनंतर कळलं.

याचा अर्थ मागू नका, असा मी काढत नाही. लेकराने बापाजवळ मनातलं बोलावं, आणि तुमच्या मनात सामना असेल तर सामना बोलावा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी आपल्याला काय हवं ते सांगितलं, मग 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हटलं. ती वेळ आणि फुटबॉलचा सामना यांची बरोबरी करण्याचं धाडस मी करणार नाही, पण बोलण्याची रीत मी तिथूनच शिकलो. निकाल लागल्यावर त्यावरून देवाचं प्रेम मोजायला बसायचं नाही, एवढं सांभाळा.

आता 'जगिक' शब्दाबद्दल. त्या वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांना एवरटन या लिव्हरपूल शहरातल्याच दुसऱ्या संघाची गोष्ट जरूर सांगा. १८७८ मध्ये लिव्हरपूल शहरातल्या सेंट डोमिंगो या मेथॉडिस्ट चॅपलच्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हिवाळ्यातही खेळ हवा होता, म्हणून चॅपलच्या नावाने फुटबॉल संघ निघाला. पुढच्याच वर्षी त्याचं एवरटन झालं. मँचेस्टर सिटीचं मूळ १८८० च्या सेंट मार्क चर्चच्या संघात आहे. साऊदॅम्प्टन १८८५ मध्ये सेंट मेरी चर्चच्या तरुणांनी काढलं, आजही त्यांना 'सेंट्स' म्हणतात. ग्लासगोचं सेल्टिक १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने उभं केलं, ते शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या पोटात चार घास जावेत म्हणून.

माझं लिव्हरपूलही अप्रत्यक्षपणे त्याच चॅपलचं. १८९२ मध्ये एवरटन तेव्हा जिथे खेळायचं त्या अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या भाड्यावरून एवरटनमध्ये वाद झाला. सेंट डोमिंगोमध्येच ऑर्गन वाजवणारे जॉर्ज माहन यांच्या पुढाकाराने संघ गुडिसन पार्कला गेला, आणि रिकामं मैदान हाती उरलेल्या जॉन होल्डिंग यांनी नवा संघ काढला, तो लिव्हरपूल. मंडळ्या फुटताना ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पण १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, तिने अखेर लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव घेतला, आणि त्यानंतरच्या शनिवारी लोकांनी गुडिसनपासून अ‍ॅनफिल्डपर्यंत, मधल्या स्टॅनली पार्कमधून, मफलरला मफलर बांधत नेले, एवरटनचे निळे आणि लिव्हरपूलचे लाल. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं पौल रोमकरांना लिहितो. मला ते वचन आठवलं की ते मफलर दिसतात.

तरीही ते वडीलधारे पूर्ण चुकले, असं मी म्हणणार नाही. गरिबांच्या जेवणातून निघालेल्या संघाच्या शहरातच, ग्लासगोत, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचा द्वेष करायला फुटबॉल वापरत आले. आणि माझंही एक आहे.

५ मार्च २०२३, रविवार. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस. सकाळी मी मंडळीत गात होतो, संध्याकाळी लिव्हरपूलने मँचेस्टर युनायटेडला ७-० ने हरवलं. माझ्याच मंडळीतला एक मित्र युनायटेडचा. चौथ्या गोलपासून मी त्याला प्रत्येक गोलला एक संदेश पाठवला. सातव्यानंतरचा तर असा होता की तो इथे लिहवत नाही. त्याने उत्तर दिलं नाही. त्याचे वडील आजारी होते आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून तो सामना बघत होता, हे मला आठवड्याने कळलं. युनायटेडचं वेड त्याला वडिलांकडूनच आलेलं.

याकोब म्हणतो की एकाच तोंडातून स्तुती आणि शाप निघतात, असं होऊ नये. माझं तोंड तेच होतं, मध्ये फक्त काही तास गेले होते. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. वेदीजवळ अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हे वचन डोळ्यांसमोरून हलेना. मी उठून बाहेर आलो आणि त्याच्या घरी गेलो.

तो दारातच 'असू दे रे' म्हणाला. वडिलांनी मात्र आत बोलावून बसवून घेतलं आणि मला मॅट बझबींबद्दल सांगितलं. म्युनिकला ६ फेब्रुवारी १९५८ रोजी युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं, २३ माणसं गेली, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू. प्रशिक्षक बझबी कॅथलिक. मरणाच्या दारातल्या माणसाला देतात तो शेवटचा संस्कारही त्यांना इस्पितळात देऊन झाला होता. ते वाचले, पुन्हा संघ बांधला, आणि १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला. एवढं सांगून ते म्हणाले, "आणि खेळाडू म्हणून ते आधी तुमच्याच लिव्हरपूलकडे होते, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. सात गोलांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

आता हे दोन संघ खेळतात तेव्हा मी त्यांच्या घरी जातो. सामन्याआधी त्याचे वडील प्रार्थना करतात: कुणाला दुखापत न होवो, आमच्या जिभा ताब्यात राहोत. 'आमेन' झाल्यावर मी मनातल्या मनात विजयही मागतो. शेजारी बसलेला मित्रही मागत असणार, आणि मला त्याचं काही वाटत नाही.