वजन कमी करायचंय ना, मग आधी रात्रीचे लो (शुगर फार खाली जाणं) बघ

हे बघ, टाइप 1 डायबिटीस आहे (म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते टोचूनच घ्यावं लागतं), वजन वाढलंय, मग इन्सुलिनचे डोस गाळू का, हा तुझा मेसेज वाचला आणि पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते, डोस गाळून वजन उतरवायचा विचार डोक्यातून काढ. उतरतं, माहितीये मला, म्हणून तर मोह होतो. पण इन्सुलिन नसलं की साखर पेशींत जातच नाही, लघवीवाटे वाहून जाते, मग शरीर चरबी आणि स्नायू दोन्ही जाळायला लागतं, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठतात, उलट्या, पोटदुखी, धाप आणि तिथून सरळ आयसीयू. डोळ्यांचं आणि किडनीचं नुकसान वेगळंच. 1922 च्या आधी इन्सुलिन नव्हतं तेव्हा टाइप 1 च्या पोरांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जास्त जगवायचे, आणि आपण आज हाताशी इन्सुलिनचं पेन असून तेच स्वतःहून करायचं का?

आता तुझं वजन. निदान झालं तेव्हा तू वाळून गेली होतीस, इन्सुलिन सुरू झाल्यावर ते भरून आलं, त्यातलं बरंचसं तुझंच होतं गं. त्याच्यावर जे चढलंय ते कुठून आलं ते शोधू, आणि माझा पहिला संशय पोळीभातावर नाहीये, लो वर आहे.

रात्री तीनला घाम फुटून जाग येते, हात थरथरतायत, फ्रिज उघडला की समोर श्रीखंडाचा डबा, मग श्रीखंड, वर बिस्किटं, वर दूध साखर, आणि मेंदू काही केल्या "बास" म्हणत नाही. चारशे कॅलरी अशा गेल्या की कळत पण नाही, सकाळी शुगर 280, ती खाली आणायला जास्तीचा डोस, दुपारी परत लो. हे आठवड्यातून दोनतीनदा झालं तर जिमचा काय उपयोग?

लो ला खाणं हे औषध आहे, मोजूनच घ्यायचं. साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, 15 मिनिटं थांब, परत चेक कर, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच. चॉकलेट, बेसनाचा लाडू नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर हळू चढते आणि तोपर्यंत तू अख्खा डबा संपवलेला असतो. उशाशी पुडी बांधूनच ठेव, किचनपर्यंत जायचंच नाही.

आणि लो वारंवार येत असेल, शुगर सांभाळायला मधेच काहीतरी खावंच लागत असेल, तर डोस जास्त आहे, तू इन्सुलिनला खाऊ घालतेयस. हा डोस मनाने कमी करू नकोस, डॉक्टरांकडून करून घे. जेवण कमी करणार असलीस किंवा व्यायाम वाढवणार असलीस तरी आधी त्यांच्याशी बोल, नाहीतर परत तेच चक्र. संध्याकाळी जास्त चाललीस की कधीकधी झोपेत उशिरा लो येतो, त्या दिवशी झोपताना बघायचंच. उलट वजनं उचलल्यावर शुगर थोडी वर दिसेल, घाबरून लगेच डोस ठोकू नकोस. 250 च्या वर असेल तर मात्र आधी कीटोन बघ, आले असतील तर व्यायाम बंद.

खाण्याचं म्हणशील तर काही दिवस भात काट्यावर मोज, तुझी एक वाटी आणि डाएटिशियनच्या तक्त्यातली वाटी यात बराच फरक निघतो, आणि अंदाज चुकला की डोस पण चुकतो. मटकीची उसळ, अंडी, ताक, मासे वाढव. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी "उपासाची" म्हणून हलकी नसते हं, निव्वळ स्टार्च आणि वर दाणे, तूप. (घरी हे कोणाला पटत नाही, वाद घालू नकोस, अर्धी वाटी घे.)

इंजेक्शनची जागा बदलतेस ना? एकाच जागी टोचून गाठी झाल्या की इन्सुलिन कधी लागतं कधी नाही, मग लो चं गणितच लागत नाही. आणि घरात कोणाची टाइप 2 ची गोळी वजन उतरवते म्हणून मागून घेऊ नकोस, त्यातल्या काहींनी टाइप 1 मध्ये शुगर फार न वाढताही कीटोन होतात.

पुढच्या अपॉइंटमेंटला दोन आठवड्यांचं रीडिंग ने, लो किती वाजता आला, त्याआधी किती युनिट घेतलं, नंतर काय काय खाल्लं सगळं लिहून, श्रीखंड पण लिही, डॉक्टर ओरडत नाहीत.